भाग जातो हे नक्की, पण कशानं जातो ते कुणालाच माहीत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आजवर सापडलेल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्येवरचा लेख वाचला. लेख छानच होता, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली, ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक, सगळं बरोबर. पण शेजारच्या चौकटीत मूळ आणि संयुक्त म्हणजे काय ते सांगताना एक वाक्य आलंय, की संख्येचे अवयव सापडले की ती संयुक्त ठरते, आणि ते सापडत नाहीत तोवर ती मूळ की संयुक्त हे सांगता येत नाही. यातला पहिला अर्धा भाग ठीक आहे. दुसरा चूक आहे, आणि मुळातच चूक आहे, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांब होईल पण जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी बरीच वर्षं मुलांना गणित शिकवतो. हीच समजूत मुलांच्या डोक्यातही असते कारण आपण शिकवतोच तसं, २ नं भाग जातो का बघ, ३ नं बघ, ५ नं, ७ नं, गेला की संयुक्त. लहान संख्यांना ते पुरतं. पण जिला लाखो अंक आहेत अशा संख्येपुढे ही पद्धत हात टेकते, आणि तिथेच खरं गणित चालू होतं, कारण माणसानं अशी वाट शोधून काढलीय की एकही अवयव हातात नसताना "ही संख्या संयुक्त आहे" असं पूर्ण खात्रीनं म्हणता येतं. हा अंदाज नाही की बहुतेक असेल असंही नाही, चक्क सिद्ध.

माझ्या मनात जी संख्या आहे तिची ओळख करून देतो. २ घ्या, वर्ग करा, ४. परत वर्ग, १६. परत, २५६. परत, ६५५३६. असं वर्ग करत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर १ मिळवायचा, की ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा संख्या मिळतात, या फर्मा संख्या. पहिलीला शून्यावी म्हणतात, म्हणजे ३ ही एफ-०, ५ ही एफ-१ आणि ६५५३७ ही एफ-४. या पाचही मूळ आहेत, आणि ज्याच्या नावानं त्या ओळखतात त्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटत होतं की पुढच्या सगळ्याही मूळच असणार. असंच वर्ग करत चोविसावा टप्पा गाठला की येते एफ-२४, म्हणजे २ चा १६७७७२१६ वा घात अधिक १. हिला ५०,५०,४४६ अंक आहेत. तुमच्या पेपरच्या एका पानावर वीस हजार अंक बसवले तरी २५३ पानं लागतील, दुसरी एक ओळही न छापता.

ही संख्या संयुक्त आहे. १९९९ पासून माहीत आहे. आणि आजवर तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही, छोटासा सुद्धा नाही.

आता बघा, जिचा एकही अवयव माहीत नाही तिच्याबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे. शेवटचे दोन अंक ३७ आहेत. हे काढायला कॉम्प्युटर लागत नाही, १६ चा वर्ग २५६ म्हणजे शेवटी ५६, त्याचा वर्ग केला की शेवटी ३६, मग ९६, मग परत १६, हे चक्र चार टप्प्यांनी फिरत राहतं, त्यात १ मिळवला की एफ-२ पासून पुढे १७, ५७, ३७, ९७ हेच शेवट पुन्हा पुन्हा येतात, आणि २४ ला ४ नं भाग जातो म्हणून एफ-४ चा जो शेवट तोच एफ-२४ चा. ९ नं भागलं तर बाकी ८ उरते, म्हणजे ती ५० लाख अंकांची सगळी बेरीज कुणी बसून केली आणि त्या बेरजेच्या अंकांची परत बेरीज असं करत एका अंकावर आणलं तर तो अंक ८ येणार, न करताच सांगतो. ती पूर्ण वर्ग नाही, कारण ती एका पूर्ण वर्गाच्या लगेच पुढची संख्या आहे आणि दोन वर्ग असे शेजारी शेजारी येत नाहीत, ० आणि १ सोडले तर.

आणखी एक, आणि हे मला फार आवडतं. सगळ्या फर्मा संख्या ओळीनं गुणत गेलात तर पुढची संख्या वजा २ मिळते. ३ गुणिले ५ म्हणजे १५, १७ पेक्षा दोननं कमी. त्याला १७ नं गुणा, २५५, २५७ पेक्षा दोननं कमी. हे असंच कायम चालतं. म्हणजे एखाद्या मूळ संख्येनं दोन फर्मा संख्यांना भाग जात असेल तर तिनं २ लाही भाग जायला पाहिजे, पण फर्मा संख्या विषम, त्यांना २ नं भाग जातच नाही. म्हणून कुठल्याही दोन फर्मा संख्यांचा मसावि १ च. गोल्डबाखनं हे १७३० मध्ये ऑयलरला पत्रात कळवलं होतं. मग एफ-२४ चे अवयव, जे कुणी पाहिलेले नाहीत, ते आधीच्या चोवीस आणि पुढच्या अनंत फर्मा संख्यांपैकी एकीच्याही अवयवांत सापडणार नाहीत. ते फक्त तिचेच आहेत.

आणि ते दिसायला कसे असणार तेही माहीत आहे! ऑयलरनं दाखवलं आणि नंतर ल्युकानं ते आणखी आवळलं, की एफ-२४ च्या कुठल्याही अवयवातून १ वजा केला की जे उरतं त्याला २ च्या २६ व्या घातानं, म्हणजे ६७१०८८६४ नं नि:शेष भाग जातो. म्हणजे तिचा सगळ्यात लहान अवयवसुद्धा सहा कोटी एकाहत्तर लाखांच्या वरचाच. ज्या वस्तूला कुणी हात लावलेला नाही तिचं माप आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेलं आहे. मी वर्गात हे सांगतो तेव्हा नेहमी एखादा मुलगा विचारतो, सर मग सापडत का नाही, आणि मला तो प्रश्न फार बरा वाटतो.

पण मुद्दा असा की ती संयुक्त आहे हेच कसं कळलं. चौकट लिहिणाऱ्यांना खरं तर एवढंच सांगायचंय, बाकीचं त्या अनुषंगानं.

७ घ्या. १ ते ६ या सहा संख्यांना २ नं गुणा, २, ४, ६, ८, १०, १२. आता ७ नं भागून बाकी बघा, २, ४, ६, १, ३, ५. त्याच सहा संख्या, फक्त जागा बदलून. हे ७ मूळ आहे म्हणून होतं. मग या सहांचा गुणाकार आणि मूळच्या सहांचा गुणाकार, दोन्हींची बाकी सारखीच येणार, आणि पहिल्यात २ सहा वेळा जास्तीचा आलाय, म्हणजे २ च्या सहाव्या घातानं बाकी बदलत नाही, म्हणजे त्याची बाकी १ च असली पाहिजे. बघा, ६४ म्हणजे ६३ अधिक १. बरोबर. कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एकनं कमी एवढा घात घ्या, बाकी १ आलीच पाहिजे, फक्त जिचा घात घेतोय तिला त्या मूळ संख्येनं भाग जाता कामा नये. हा फर्माचा छोटा सिद्धांत.

आता हाच उलटा वापरायचा. ९१ ही संख्या दिसायला अगदी मूळ वाटते, विचारलं तर कितीतरी लोक मूळच म्हणतात. ९१ मूळ असेल तर २ चा ९० वा घात ९१ नं भागल्यावर बाकी १ यायला हवी. एवढा मोठा घात काढायचा नाही, वर्ग करत जायचं आणि दर वेळी फक्त बाकी ठेवायची. २ चा पाचवा घात ३२, दहावा १०२४, ९१ अकरा म्हणजे १००१, बाकी २३. अकरावा ४६. बाविसावा म्हणजे ४६ चा वर्ग २११६, बाकी परत २३. पंचेचाळिसावा म्हणजे २३ चा वर्ग गुणिले २, १०५८, बाकी ५७. नव्वदावा म्हणजे ५७ चा वर्ग ३२४९, त्यातून ३१८५ गेले, बाकी ६४. यायला हवा होता १, आले ६४. संपलं. ९१ मूळ नाही. आणि एवढं सगळं करताना ७ आणि १३ यांचं नावही कुठे आलं नाही! ते अवयव आपल्याला माहीतच नसते तरी निकाल हाच आला असता. तुमच्या वाचकांनी कागद पेन घेऊन हे एकदा स्वतः करून बघावं, पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर "सापडत नाहीत तोवर सांगता येत नाही" असं कुणी म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. बाकी १ आली नाही तर संख्या संयुक्त हे पक्कं, पण बाकी १ आली म्हणून ती मूळ असं मात्र नाही. ३४१ बघा. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३४१ तीन वेळा अधिक १, बाकी १, मग ३४० व्या घाताचीही बाकी १. टेस्ट पास. पण ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. तिथे २ च्या जागी ३ घेतला तर बाकी ५६ येते आणि चोरी पकडली जाते. ५६१ तर त्याहून बिलंदर, ३ गुणिले ११ गुणिले १७, ही २ ला फसवते, ५ ला फसवते, ७ ला फसवते, जिच्याशी ५६१ चा मसावि १ आहे अशा प्रत्येक संख्येला फसवते. यांना कारमायकेल संख्या म्हणतात, रामानुजन यांच्या गोष्टीतल्या टॅक्सीची १७२९ सुद्धा यातलीच, आणि अशा संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये अल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी सिद्ध केलं. म्हणून पुढे याहून कडक टेस्ट आल्या, आणि २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिलं की कुठलीही संख्या मूळ की संयुक्त हे जराही शंका न ठेवता आणि अंकांच्या मानानं वाजवी वेळात ठरवता येतं. अवयव न पाडता. या गोष्टीला केवढी मोठी बातमी व्हायला पाहिजे होती!

तर एफ-२४. गंमत म्हणजे फर्मा संख्या सगळ्याच्या सगळ्या २ ला फसवतात. मूळ असो नाहीतर संयुक्त, २ ची टेस्ट त्या पास होतातच, त्यांची घडणच २ च्या घातांची आहे. म्हणून तिथे ३ वापरतात. पेपिन नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८७७ मध्ये खास या संख्यांसाठी टेस्ट दिली, ३ घ्यायचा, वर्ग करत जायचं, दर वेळी त्या फर्मा संख्येनं भागून बाकी ठेवायची, ठरावीक वेळा वर्ग केल्यावर बाकी त्या संख्येपेक्षा बरोब्बर एकनं कमी आली तर ती मूळ, नाही आली तर संयुक्त. यात फसवाफसवी नाही, दोन्ही बाजूंनी पक्की आहे. १७ वर करून बघा, ३ चा वर्ग ९, ९ चा वर्ग ८१ म्हणजे बाकी १३, १३ चा वर्ग १६९ म्हणजे बाकी १६. सतरापेक्षा एकनं कमी. १७ मूळ. तीन वेळा वर्ग केला की झालं.

एफ-२४ ला हे वर्ग १,६७,७७,२१५ वेळा करावे लागतात, आणि प्रत्येक वेळी ज्याचा वर्ग करायचा ती संख्या पन्नास लाख अंकी. शाळेतल्या पद्धतीनं असा एक वर्ग करायचा म्हटलं तर अंकाअंकांचे पंचवीस लाख कोटी गुणाकार. एका वर्गाला! तसं कुणी करत नाही, मोठ्या गुणाकारांसाठी फास्ट फुरिये ट्रान्सफॉर्म नावाची झटपट गुणाकाराची युक्ती वापरतात आणि काम कितीतरी पटींनी कमी होतं, तरीही हे प्रचंडच. क्रँडॉल, मायर आणि पापाडोपुलोस यांनी ते केलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला. आणि कॉम्प्युटर चुकला असेल तर काय हा प्रश्न त्यांनाही पडलेला होता, म्हणून मधल्या टप्प्यांच्या बाक्या जपून ठेवल्या आणि ते टप्पे दुसऱ्या मशीनवर वेगळ्या, शुद्ध पूर्णांकांच्या पद्धतीनं परत ताडून पाहिले. शेवटची बाकी यायला हवी ती आली नाही. म्हणून संयुक्त.

याच्या तुलनेत भागून बघायचं ठरवलं असतं तर? वर्गमुळापर्यंत जायचं, आणि तिथपर्यंत किती संख्या आहेत हा नुसता आकडा लिहायलाच पंचवीस लाख अंक लागतात. त्या रस्त्यानं जगातली सगळी मशीन्स लावली तरी हे काम कधीच पुरं होणार नाही.

एकूण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, संख्या तुटते हे कळणं आणि ती कुठे तुटते हे कळणं, आणि या दोन्हींच्या मधे कधी कधी माणसाचं अख्खं आयुष्य जातं. ऑयलर त्या बाबतीत नशीबवान, किंवा नशीब कशाला म्हणायचं, त्यानं डोकं वापरलं. एफ-५ म्हणजे ४२९४९६७२९७. तिचा अवयव असलाच तर ६४ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असणार हे त्यानं आधी काढलं, मग त्या साच्यात बसणाऱ्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात, आणि पाचवीला भाग गेला. ६४१ गुणिले ६७००४१७. १७३२ साल. फर्माचा समज तिथे मोडला. हे ६४१ चं गणित तर भागाकार न करताही दिसतं, ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दहावीचा विद्यार्थीसुद्धा थोड्या प्रयत्नानं सिद्धता लिहू शकतो. मी लिहून देत नाही, करून बघण्यातच आनंद आहे.

पण पुढचे सगळे असे सुटले नाहीत. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मर्सेननं १६४४ मध्ये मूळ म्हणून यादीत टाकली होती. ल्युकानं १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, अवयव न देता. मग १९०३ मध्ये कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते मांडले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. असं सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत, फळ्यावर एका बाजूला घात काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, दोन्ही उत्तरं सारखी आली आणि जागेवर जाऊन बसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे २७ वर्षं ती संख्या संयुक्त होती, सगळ्यांना माहीत होतं, आणि अवयव नव्हते. तुमच्या चौकटीप्रमाणे ती त्या २७ वर्षांत काय होती? "सांगता येत नाही"?

एफ-७ फक्त ३९ अंकी. १९०५ मध्ये संयुक्त ठरली, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांना तिचे दोन अवयव १९७० मध्ये मिळाले, एक १७ अंकी एक २२ अंकी. मधे ६५ वर्षं. एफ-१४ साठच्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त ठरली आणि तिचा पहिला अवयव २०१० मध्ये सापडला, ५४ अंकी. पूर्ण अवयव पाडून झालेत ते फक्त एफ-५ ते एफ-११ या सातांचे. एफ-२० चंही एफ-२४ सारखंच, १९८७ पासून संयुक्त म्हणून माहीत, अवयव शून्य. फर्मा सोडून बाहेर बघितलं तर २ चा १२७७ वा घात वजा १, ही तर अवघी ३८५ अंकी, चार-पाच ओळीत मावते, संयुक्त आहे आणि एकही अवयव नाही. आणि एफ-३३ बद्दल मात्र खरोखरच सांगता येत नाही, तिला २५८ कोटींहून जास्त अंक आहेत, पेपिनची टेस्ट तिच्यावर कुणी पुरी केलेली नाही आणि अवयवही मिळालेला नाही. तुमचं वाक्य अशा संख्येला लागू पडतं, पण तिथेही कारण टेस्ट झालेली नाही हे आहे, नुसते अवयव नाहीत एवढं नाही.

या फरकाचा रोजच्या जगण्याशी काही संबंध आहे का असं वाचक विचारतील म्हणून थोडक्यात सांगतो. दोन मोठ्या मूळ संख्या शोधणं सोपं, त्यांचा गुणाकार करणं सोपं, पण नुसता गुणाकार हातात दिला तर त्या दोन परत काढणं भयंकर अवघड, आणि इंटरनेटवरची कितीतरी कुलपं याच अवघडपणावर उभी आहेत. १९७७ मध्ये १२९ अंकी अशी एक संख्या आव्हान म्हणून छापली होती, ती १९९४ मध्ये फुटली, सुमारे सहाशे लोकांनी इंटरनेटवरून आपापले कॉम्प्युटर जोडून आठ महिन्यांत फोडली. २५० अंकी एक २०२० मध्ये फुटली. अशीच आणखी एक, ६१७ अंकी, आरएसए-२०४८ नावाची, अजून शाबूत आहे. ती संयुक्त आहे का हे मात्र कुणी विचारतही नाही, ती बनवलीच दोन मूळ संख्या गुणून, आणि कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर टेस्ट घेतली तर क्षणात उत्तर येतं की मूळ नाही. अवयव मात्र नाहीत. दोन्ही कामं सारखीच असती, तुमच्या चौकटीत म्हटलंय तशी, तर हे कुलूप बनलंच नसतं.

म्हणून दोन विनंत्या. एक, पुढच्या पुरवणीत त्या वाक्याची दुरुस्ती छापा, मुलं ती चौकट कापून वहीत चिकटवतात, माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी चिकटवलीय, ते वाक्य तसंच राहू नये. दुसरी, मूळ संख्येचा नवा विक्रम झाला की तुम्ही आवर्जून बातमी देता, तशी संयुक्त संख्येचीही द्या. संयुक्त म्हणजे काहीतरी कमी, मूळ होता होता राहिलेली, असा सूर त्या लेखात होता आणि तो मला मनापासून खटकला. एफ-२४ ही कुणाची नापास झालेली उमेदवार नाही.

कधीतरी तिचा पहिला अवयव सापडेल, उद्या किंवा आणखी पन्नास वर्षांनी, आणि तो कितीही अंकी असला तरी पूर्ण छापा, शंभर अंक असले तर शंभर, मधे टिंबं टिंबं देऊ नका. छापायच्या आधी त्यातून १ वजा करून ६७१०८८६४ नं भागून बघा, बाकी उरली तर छपाईत कुठला तरी अंक चुकलाय.

आपला,
एक वाचक आणि गणिताचा शिक्षक